लिम्फोमानंतर स्तनात आलेली गाठ: ‘साधी दिसते’ म्हणून सहा महिने थांबावं का?

प्रश्न: आईचं वय ५८. चार वर्षांपूर्वी तिला फॉलिक्युलर लिम्फोमा झाला होता. केमो आणि रिटुक्सिमॅब घेऊन ती बरी झाली. महिन्याभरापूर्वी डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नाही, पण वाढतेय असं तिला वाटतं. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘गोल, गुळगुळीत कडांची गाठ, कॅल्शियम नाही, बायरॅड्स ३, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी’ असं लिहिलंय. एक सर्जन म्हणतात, थांबायचं कशाला, काढूनच टाकू, लागलं तर पूर्ण स्तन. रक्ताचा कर्करोग स्तनात येतो का? आला तर तो ओळखायचा कसा?

उत्तर: सहा महिने थांबू नका, आणि स्तन काढायलाही आत्ता होकार देऊ नका. येत्या आठवड्याभरात ट्रू-कट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचे तुकडे काढून तपासणी, करून घ्या. आईंना लिम्फोमा होऊन गेलाय हे बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांना आणि स्लाइड बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना, दोघांनाही लेखी कळवा. करायचं काय ते एवढंच. का करायचं ते मात्र सविस्तर सांगते, कारण वाटेत दोन-तीन ठिकाणी चुकायची शक्यता असते आणि तिथे घरच्या माणसाने विचारलेला एक प्रश्न खूप काही वाचवतो. मी बरीच वर्षं स्तनाच्या इमेजिंगचंच काम करते, त्यामुळे जे सांगते आहे ते मशीनच्या आणि सुईच्या बाजूने बघितलेलं आहे.

आधी तुमचा पहिला प्रश्न. हो, रक्ताचा कर्करोग स्तनात येऊ शकतो. रक्ताचा कर्करोग म्हणजे रक्तात आणि बोन मॅरोमध्ये राहणारा आजार अशी आपली समजूत असते. पण लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीचा कर्करोग, आणि या पेशीचं कामच मुळी शरीरभर गस्त घालण्याचं आहे. ती रक्तातून लसिका ग्रंथीत जाते, तिथून निरनिराळ्या अवयवांत डोकावते, पुन्हा रक्तात येते. कर्करोगी झाली म्हणून तिची ही फिरती थांबत नाही. त्वचा, पोट, डोळा, अंडकोष, मेंदू, सगळीकडे लिम्फोमा सापडतो, तसाच स्तनातही सापडतो. प्रमाण मात्र फार कमी आहे. स्तनातच पहिल्यांदा उगवलेला लिम्फोमा हा स्तनातल्या एकूण कर्करोगांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. दुसरीकडे असलेला लिम्फोमा नंतर स्तनात उतरण्याचं प्रमाण त्याहून जास्त, पण तेही विरळाच. आणि विरळा आहे म्हणूनच तो नजरेतून सुटतो.

स्तनातला लिम्फोमा ‘प्राथमिक’ कधी म्हणायचा याच्या कसोट्या वाइजमन आणि लियाओ यांनी १९७२ साली घालून दिल्या. थोड्याफार फरकाने त्या आजही वापरतात. नमुना पुरेसा हवा, लिम्फोमाच्या पेशी आणि स्तनाची ऊती शेजारी शेजारी दिसायला हवी, आणि आधी दुसरीकडे कुठे लिम्फोमा झालेला नसावा. त्याच बाजूच्या काखेत गाठी असल्या तर चालतं. तुमच्या आईंना आधी लिम्फोमा झालाय, म्हणजे ही गाठ लिम्फोमाची निघालीच तर ती दुय्यम, जुनाच आजार परत आलेला. हा फरक नुसता नावाचा नाही. प्राथमिकमध्ये बहुतेक वेळा डिफ्यूज लार्ज बी-सेल हा वेगाने वाढणारा प्रकार निघतो. दुय्यममध्ये फॉलिक्युलर किंवा मार्जिनल झोनसारखे संथ प्रकारही बरेचदा दिसतात. शिवाय फॉलिक्युलर लिम्फोमाची एक खोड आहे. वर्षानुवर्षं संथ राहून तो मध्येच आक्रमक प्रकारात बदलू शकतो. ‘वाढतेय असं तिला वाटतं’ हे तुमचं वाक्य मी म्हणूनच दोनदा वाचलं.

आता तो ‘बायरॅड्स ३’, म्हणजे स्तनाच्या चित्रात कर्करोगाची शंका किती ते सांगणारा आकडा. हा आकडा ज्यांनी दिला त्यांनी चित्र चुकीचं वाचलं असं मी म्हणणार नाही. गोल किंवा अंडाकृती, कडा स्वच्छ, कॅल्शियम नाही, अशी गाठ दिसली की पुस्तकाप्रमाणे ती बहुधा साधी, म्हणजे फायब्रोअडिनोमासारखी. ३ या वर्गाचा अर्थच असा की कर्करोग निघण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आत. पण ही २ टक्क्यांची हमी सर्वसाधारण बायकांच्या तपासण्यांवरून आलेली आहे. ज्यांना आधी लिम्फोमा किंवा ल्युकेमिया झालाय त्यांना ती लागू पडत नाही. दुसरी गोष्ट, पाळी गेल्यानंतर नव्याने उगवलेली आणि वाढणारी घट्ट गाठ फायब्रोअडिनोमा म्हणून सोडून देता येत नाही. फायब्रोअडिनोमा हा तरुण वयातला सोबती, पाळी गेल्यावर तो आक्रसत जातो. गाठ खरंच नवी असेल आणि वाढत असेल तर ती ३ मध्ये बसतच नाही, ४ मध्ये जाते, आणि ४ म्हणजे बायोप्सी. मला वाटतं, रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना लिम्फोमाची हकीकत कुणी सांगितलीच नसावी. बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. फॉर्मवर ‘स्तनात गाठ’ एवढेच दोन शब्द असतात, पेशंटला वाटतं जुना आजार तर पोटातल्या गाठींचा होता, त्याचा इथे काय संबंध, आणि ती बोलत नाही.

लिम्फोमा इतका साळसूद का दिसतो हे समजून घेण्यासारखं आहे. स्तनाचा नेहमीचा कर्करोग आजूबाजूच्या ऊतीला चिथावतो. तिथे तंतू वाढतात, आकसतात, बाजूची चरबी आणि त्वचा आत ओढली जाते. मॅमोग्राफीवर दिसणारे काटे, आत वळलेलं निपल, त्वचेवरची खळी हे सगळं त्या ओढीचं फळ. कित्येकदा दूधनलिकेत मेलेल्या पेशींवर कॅल्शियम साचतं आणि बारीक मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात. लिम्फोमा यातलं जवळजवळ काहीच करत नाही. त्याच्या पेशी नलिका आणि चरबीच्या फटींतून गर्दी करत पसरतात आणि जागा भरत जातात, ओढाताण करत नाहीत. म्हणून काटे नाहीत, कॅल्शियम बहुधा नाहीच, निपल जागच्या जागी. मॅमोग्राफीवर उरते ती फक्त एक दाट, पांढरी, गोलसर सावली. तिच्या कडा कुठे स्वच्छ, कुठे किंचित पुसट. ती पुसट बाजू मी भिंग लावून शोधते.

सोनोग्राफीवरचा चकवा याहून मोठा. आवाजाच्या लहरी जिथे दोन वेगळ्या ऊती भेटतात तिथे परावर्तित होतात. लिम्फोमात मैलोन्मैल एकसारख्याच पेशी, मध्ये तंतू फारसे नाहीत, त्यामुळे लहरी परत फिरायला जागाच मिळत नाही. गाठ इतकी काळी दिसते की पाण्याची गाठ वाटावी. लहरी आरपार गेल्यामुळे तिच्या मागची बाजू उजळते, आणि हे लक्षणही पाण्याच्या गाठीचंच! अशा वेळी मी दोन गोष्टी करते. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, थोडा वाढवून बघते. खऱ्या पाण्यात काहीच उमटत नाही, लिम्फोमात बारीक करडा पोत दिसायला लागतो. मग रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉपलर लावते, तोही प्रोब अलगद धरून, कारण दाबला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात. ‘पाण्याच्या’ गाठीत मधोमध रक्ताच्या लाल-निळ्या रेघा धावताना दिसल्या की विषय संपला. ते पाणी नाही, तो जिवंत घट्ट मांसाचा गोळा आहे. एका बाईंच्या अशाच गाठीतून ‘पाणी काढायचा’ प्रयत्न आधी दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा सिरिंज कोरडी आली होती. कोरडी सिरिंज हीसुद्धा एक तपासणीच, तिचा अर्थ कुणीतरी लावायला हवा होता.

दर वेळी गाठच असेल असंही नाही. काही जणींमध्ये अख्खा स्तन सुजतो, जड होतो, त्वचा जाड आणि लालसर होते, आणि चित्रात गाठीऐवजी सगळीकडे पसरलेला दाटपणा दिसतो. याला स्तनदाह समजून अँटिबायोटिक्सचे कोर्सवर कोर्स दिले जातात. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना दोन्ही स्तन झपाट्याने वाढले, कडक झाले आणि तापाशिवाय तसेच राहिले, तर बर्किट लिम्फोमाचा विचार तातडीने करावा लागतो. तो आठवड्यांत नाही, दिवसांत वाढतो.

काखेकडे नेहमी बघावं, आणि दोन्ही काखांकडे बघावं. स्तनाच्या कर्करोगात त्याच बाजूच्या काखेत गाठी येतात. दोन्ही काखांत जाड सालीच्या, मधली चरबी हरवलेल्या ग्रंथी दिसल्या तर आजार सबंध शरीराचा असण्याची शक्यता धरावी लागते. लिम्फोमा, ल्युकेमिया, क्षयरोग, एचआयव्ही, संधिवाताचे काही प्रकार, यादी मोठी आहे. स्तनातली गाठ छोटी आणि काखेतल्या गाठी तिच्या मानाने फारच मोठ्या, हे व्यस्त प्रमाणही मला लिम्फोमाची आठवण करून देतं. नुकत्याच घेतलेल्या लसीमुळेही काखेत गाठी येतात, त्या बहुधा ज्या दंडावर लस घेतली त्याच बाजूला असतात. कोविडच्या लसीकरणात हे आम्ही रोज बघत होतो.

एमआरआय आणि पेट स्कॅनबद्दल लोक फार विचारतात. एमआरआयमध्ये शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्टचं औषध लिम्फोमा लगेच शोषतो. पेशींची दाटी इतकी की त्यांच्यामधलं पाणी हलायला जागा उरत नाही, आणि डिफ्युजन नावाच्या चित्रमालिकेत तो अगदी ठळक उठून दिसतो. पण स्तनाचे काही कर्करोगही असेच दिसतात, म्हणून निदानासाठी एमआरआयची घाई मी करत नाही. पेट स्कॅनचं काम वेगळं. लिम्फोमा ठरल्यावर तो आणखी कुठे कुठे आहे आणि उपचाराने किती विझला, हे पेट सांगतो. २०१४ च्या लुगानो वर्गीकरणापासून ग्लुकोज शोषणाऱ्या लिम्फोमांसाठी स्टेज ठरवायला पेट-सीटी हीच मुख्य तपासणी मानली जाते. फॉलिक्युलरमध्ये त्याचा आणखी एक उपयोग आहे. शरीरात चार जागी आजार असेल आणि त्यातली एक जागा बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त पेटलेली असेल, तर आजार तिथे आक्रमक प्रकारात बदलला असण्याची शंका येते, आणि बायोप्सी तिथूनच घ्यावीशी वाटते. मार्जिनल झोनसारखे प्रकार मात्र पेटमध्ये फिके राहू शकतात. म्हणजे ‘पेटमध्ये चमकलं नाही’ ही निर्दोषपणाची पावती धरू नका. पेटची तारीख लांबची मिळत असेल तर तिच्यासाठी स्तनाची बायोप्सी अडवू नका. गाठ हाताला लागतेय, सोनोग्राफीत दिसतेय, सुई पोचतेय, मग थांबायचं कशासाठी?

आता बायोप्सी. निदान चित्रावर ठरत नाही, ते इथे ठरतं.

बारीक सुईची तपासणी, जिला आपण एफएनएसी म्हणतो, ती इथे अपुरी पडते. त्यात सुट्या पेशी मिळतात, त्यांची मांडणी मिळत नाही, आणि फॉलिक्युलर लिम्फोमात मांडणी हाच अर्धा पुरावा असतो. म्हणून ट्रू-कट. सोनोग्राफीत बघत, जागा बधिर करून, १४ गेजच्या सुईने तुकडे घ्यायचे. स्तनाच्या नेहमीच्या कर्करोगाच्या शंकेत तीन-चार तुकडे पुरतात. लिम्फोमाची शंका असेल तर मी जास्त घेते, कारण मार्करच्या, म्हणजे पेशी कुठल्या जातीची ते सांगणाऱ्या खुणांच्या, तपासण्या बऱ्याच लागतात आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मध्येच संपला तर पुन्हा सुई टोचावी लागते. सुई सुटताना हाताला फरक कळतो. तंतुमय कर्करोगात ती करकरत आत जाते, कच्च्या पेरूत सुरी जावी तशी. फायब्रोअडिनोमा रबरासारखा सटकायला बघतो. लिम्फोमात सुई अलगद जाते आणि तुकडा येतो तो मऊ, करडा-पांढरा, माशाच्या मांसासारखा, उचलताना तुटणारा. हाताच्या या अंदाजावर निदान करत नाहीत, पण त्या क्षणी मी नर्सला सांगते, ‘दोन तुकडे फॉर्मलीनमध्ये टाकू नका, सलाइनमध्ये ठेवा.’

हे वाक्य महत्त्वाचं का, तर लिम्फोमा आणि ल्युकेमियात फ्लो सायटोमेट्री नावाची तपासणी फार कामाची असते. ती जिवंत पेशींवर होते. फॉर्मलीनमध्ये गेलेला तुकडा स्लाइडसाठी उत्तम, फ्लोसाठी मात्र बाद. ताजा तुकडा सलाइनमध्ये किंवा आरपीएमआय नावाच्या द्रावणात, त्याच दिवशी लॅबला पोचवावा लागतो. ही तयारी आधीच करून ठेवावी लागते, आणि आधीच करायची तर शंका आधीच कुणीतरी बोलून दाखवायला हवी. ते तुम्ही करू शकता.

आणखी एक. बायोप्सीआधी कुणी स्टेरॉइड सुरू करत असेल, सूज उतरावी म्हणून किंवा आणखी कशासाठी, तर ‘आधी बायोप्सी होऊ दे’ असं नम्रपणे पण ठाम सांगा. लिम्फोमा स्टेरॉइडने विरघळतो. चार-आठ दिवसांत गाठ लहान होते, सगळे खूश होतात, आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशींच्या कचऱ्याशिवाय काही सापडत नाही. श्वास अडण्यासारखी तातडी असेल तर गोष्ट वेगळी, आधी जीव.

प्लेटलेट्स कमी असलेल्या ल्युकेमियाच्या पेशंटमध्ये बायोप्सीची भीती वाटते. हिमॅटॉलॉजिस्टशी बोलून, लागल्यास प्लेटलेट्स देऊन ती करता येते. स्तन हा हाताने दाबून धरता येणारा अवयव आहे, रक्त थांबवणं इथे सोपं जातं.

मग तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. इथली माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. साठीच्या एका बाईंची बायोप्सी मी केली. वेगाने वाढलेली गाठ, आधीचे कागद बरोबर नव्हते, फॉर्मवर ‘स्तनातली गाठ’ एवढंच, आणि मीही जास्त विचारलं नाही. रिपोर्ट आला, ‘पेशींची मूळ ओळख पुसट झालेला कर्करोग, ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह’, म्हणजे स्तनाच्या कर्करोगात नेहमी बघतात त्या तिन्ही खुणा नसलेला, ट्रिपल निगेटिव्ह. स्तन काढण्याची तारीख ठरली. ट्यूमर बोर्डात, म्हणजे निरनिराळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, त्यांचा मुलगा आणून देऊन गेलेली फाइल उघडली तर आत सात वर्षांपूर्वीचा लिम्फोमाचा डिस्चार्ज कागद. आमच्या ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टनी एकच विचारलं, ‘केराटिन केलंय का?’ केराटिन ही नलिकांच्या अस्तराच्या पेशींची, आणि म्हणून स्तनाच्या नेहमीच्या कर्करोगाची खूण. केलेलं नव्हतं. केल्यावर त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. मधोमध एक दूधनलिका, तिच्या पेशी तपकिरी रंगलेल्या, म्हणजे रसायन बरोबर लागलेलं. आणि तिच्या चहूबाजूंनी पसरलेला पेशींचा सगळा समुद्र निळा, रंगच न घेतलेला. नलिका स्तनाची होती, तो समुद्र स्तनाचा नव्हता. सीडी२० ही बी-लिम्फोसाइटची खूण, ते केलं तेव्हा उलटं झालं, नलिका निळी आणि समुद्र तपकिरी. ऑपरेशन रद्द झालं. त्या दिवसापासून लिम्फोमा, ल्युकेमिया, रेडिएशन, ट्रान्सप्लांट या चार गोष्टी विचारल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

‘ट्रिपल निगेटिव्ह’ या शब्दांनी फसू नका, ते सांगायलाच ही हकीकत लिहिली. ईआर, पीआर आणि हर-२ निगेटिव्ह येणं म्हणजे त्या तीन खुणा नाहीत एवढंच. लिम्फोमातही त्या नसणारच. ती गाठ स्तनाच्या पेशींची आहे हे केराटिनने आधी सिद्ध झालं पाहिजे. सुट्या, गोल, एकसारख्या पेशी दिसत असतील तर केराटिन आणि सीडी४५ (पांढऱ्या रक्तपेशींची खूण) ही जोडी हवीच. विशेषतः लोब्युलर या स्तनाच्याच कर्करोगाच्या प्रकारात पेशीही एकेकट्या, रांगेत उभ्या असतात. ल्युकेमियाच्या पेशीही कधी कधी नलिकांभोवती तशाच रांगा धरतात.

मार्करांमध्ये आणखी काही चकवे आहेत, ते पॅथॉलॉजिस्टना ठाऊक असतात, पण जुनी हकीकत माहीत असेल तरच आठवतात. तुमच्या आईंनी रिटुक्सिमॅब घेतलंय. हे औषध सीडी२० वरच वार करतं, त्यामुळे परत आलेल्या आजारात कधी कधी सीडी२० हरवलेलं असतं. नुसतं ‘सीडी२० निगेटिव्ह’ बघून बी-सेल लिम्फोमा नाही म्हटलं तर चूक होईल. पॅक्स५ किंवा सीडी७९ए या बी-पेशींच्या दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात सीडी४५ फिकं किंवा गायब असू शकतं, तिथे टीडीटी ही कोवळ्या लिम्फोसाइटची खूण लागते. मायलोमाच्या प्लाझ्मा पेशी सीडी१३८ ने ओळखतात, पण स्तनाच्या कर्करोगातही सीडी१३८ उमटतं, म्हणून सोबत कापा-लॅम्डा (या पेशी बनवतात त्या प्रथिनाचे दोन प्रकार) करून पेशी एकाच वंशाच्या आहेत का ते बघतात. मायलोमा स्तनात क्वचितच येतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

ल्युकेमियाबद्दल मात्र लिहायला हवं, कारण हे उत्तर तुमच्यासारखे दुसरेही वाचतील. मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी कुठेतरी गोळा होऊन घट्ट गाठ करतात, तिला मायलॉइड सार्कोमा म्हणतात. १८११ साली बर्न्स यांनी तिचं वर्णन केलं. १८५३ मध्ये किंग यांनी तिला क्लोरोमा म्हटलं, कारण ताजी कापलेली गाठ हिरवट दिसते. तो रंग मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमचा. कापलेला तुकडा उघडा राहिला की हिरवेपणा विरत जातो, आणि तो दर वेळी असतोच असंही नाही. ही गाठ कधी ल्युकेमियाच्या आधी येते, रक्त आणि बोन मॅरो अगदी स्वच्छ असताना. तेव्हा ती हमखास लिम्फोमा किंवा स्तनाचा कर्करोग समजली जाते. कधी ती आजार परतल्याची पहिली खूण असते, विशेषतः ट्रान्सप्लांटनंतर. एका कॉलेजच्या मुलीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन दीड वर्ष झालं होतं. मॅरो स्वच्छ, रक्त स्वच्छ. दोन्ही स्तनांत बारीक गाठी आल्या. तिच्या वयाला फायब्रोअडिनोमा अगदी शोभतो, आणि सोनोग्राफीही तसंच सांगत होती. तिची आई मात्र म्हणाली, ‘हिचं काहीही साधं नसतं, तुम्ही तपासाच.’ ती आई बरोबर होती. तरुण वय, साधं चित्र आणि स्वच्छ मॅरो, तिन्ही गोष्टी एकत्र असूनही ल्युकेमिया झालेल्या मुलीच्या नव्या गाठीला मी आता सुई लावल्याशिवाय सोडत नाही.

उलट बाजूचा धोकाही आहे. लिम्फोमा झालेल्या बाईच्या प्रत्येक गाठीवर लिम्फोमाचा शिक्का मारणंही चूक. तिला स्तनाचा नेहमीचा कर्करोग होऊ शकतोच. तरुणपणी हॉजकिन लिम्फोमासाठी छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींमध्ये तर त्याचा धोका कितीतरी वाढतो, इतका की वयाच्या पंचविशीपासून किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून, दर वर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय करायला सांगतात. तिथे नवी गाठ ही लिम्फोमापेक्षा स्तनाच्या कर्करोगाची असण्याचीच शक्यता जास्त. काखेतल्या एकाच ग्रंथीत लिम्फोमा आणि स्तनाचा कर्करोग दोन्ही शेजारी शेजारी सापडल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून आईंच्या काखेत संशयास्पद गाठ असेल तर तिचाही तुकडा त्याच बैठकीत घ्यायला सांगा.

सर्जन काढून टाकू म्हणतात त्यामागे त्यांचा हेतू वाईट नाही. स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशन हा उपचाराचा कणा आहे. लिम्फोमात तसं नाही. स्तन काढल्याने आयुष्य वाढत नाही, फक्त केमो सुरू व्हायला जखम भरेपर्यंतचा उशीर होतो. आक्रमक प्रकार असेल तर औषधांनी गाठ डोळ्यांदेखत वितळते. संथ फॉलिक्युलर परत आला असेल आणि एकाच जागी असेल तर थोडं रेडिएशनही पुरू शकतं. ते सगळं हिमॅटॉलॉजिस्ट ठरवतील. स्तनात डिफ्यूज लार्ज बी-सेल निघाला तर तो मेंदूकडे जाण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, त्याबद्दल त्यांना विचारा. आणि रिटुक्सिमॅब पुन्हा द्यायचं झालं तर हिपॅटायटिस बीची तपासणी नव्याने झाली आहे ना, तेही.

आता तुम्ही करायचं काम. आईंची जुनी बायोप्सी जिथे झाली तिथून तो पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड्स मागवून घ्या. नवा तुकडा जुन्याशेजारी ठेवून बघितला की ‘तोच आजार, बदललेला आजार की वेगळाच आजार’ याचं उत्तर लवकर मिळतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) आणि एलडीएच या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. स्मिअर ही अगदी साधी तपासणी, पण ल्युकेमिया असेल तर तो कधी कधी पहिल्याच थेंबात दिसतो. बायोप्सीच्या फॉर्मवर असं लिहून घ्या: ‘२०-अमुक साली फॉलिक्युलर लिम्फोमा, रिटुक्सिमॅबसह केमो, शेवटचा डोस अमुक महिन्यात, आता डाव्या स्तनात नवी वाढणारी गाठ. लिम्फोमा परतला आहे का किंवा आक्रमक झाला आहे का, की स्तनाचा कर्करोग? केराटिन आणि लिम्फोमाचे मार्कर दोन्ही करावेत. ताजा तुकडा फ्लोसाठी वेगळा पाठवला आहे.’ डॉक्टर रागावणार नाहीत. मला असा कागद कुणी आणून दिला तर मी तो फाइलला टाचून ठेवते.

रिपोर्टमध्ये ‘जुनाट दाह, लिम्फोसाइट्स दिसतात, कर्करोग नाही’ असं आलं तर तिथेच थांबू नका. चांगल्या आणि वाईट लिम्फोसाइटमधला फरक मार्करशिवाय सांगता येत नाही, त्यामुळे मार्कर झालेत का ते विचारा. झाले असतील आणि तरीही गाठ वाढतच असेल, तर सुई गाठीच्या कडेला लागली असेल. बायोप्सी पुन्हा करायला सांगा, आणि या वेळी तुकडा गाठीच्या ज्या भागात डॉपलरवर रक्त दिसतंय तिथून घ्यायला सांगा.